मदत हवी आहे: कोटेशन देण्याआधीच नकार कसा कळवता?

काम पॅकेजिंग डिझाइनचं: मसाले, पापड, लोणच्यांचे पाउच आणि लेबलं. शहर लहान, बहुतेक चौकशा दोन प्रिंटरांच्या ओळखीतून येतात. त्यामुळे नकार दिला तरी त्या दोघांशी संबंध बिघडून चालणार नाही. ५० टक्के अ‍ॅडव्हान्स आधीपासून आहेच, अडचण त्याच्याही आधीची आहे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये चार प्रश्न ठेवलेत: पाउचचा साइज काय, छपाई डिजिटल की ग्रॅव्हर (कोरलेल्या सिलिंडरवरची), मजकूर (घटक, निव्वळ वजन, एफएसएसएआय नंबर) तयार आहे का, आणि फायनल होकार कोण देणार? खरी गोम चौथ्यात. ‘घरातले सगळे मिळून बघू’ किंवा ‘आधी दोन सॅम्पल दाखवा, आवडलं तर पुढचं’ असं उत्तर आलं की ते काम घ्यायचं नाही, हे पक्कं. पण कळवायचं कसं?

करून पाहिलेलं: मुद्दाम दुप्पट दर सांगितला, तर काही जण चक्क हो म्हणतात आणि त्या पैशांत ब्रोशरही मागतात. ‘सध्या वेळ नाही’ म्हटलं, तर पंधरा दिवसांनी ‘झालात का मोकळे?’ उत्तरच दिलं नाही, तर तक्रार प्रिंटरकडे जाते. दुसऱ्या डिझायनरच्या गळ्यात मारणं पटत नाही.

तुम्ही नेमका काय मेसेज पाठवता, शब्दशः? प्रिंटरला आधी सांगता की नंतर? आणि पहिल्या चर्चेचे ५०० रुपये घेऊन ते बिलातून वजा केले, तर अशी गिऱ्हाइकं आपणहून गळतात की घासाघीस तिथूनच सुरू होते?