मदत हवी आहे: किरकोळ कामं करून देण्याची साइट चालते, पण वाढत नाही

दळणकांडण

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला, गंगापूर रोडला राहतो. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या धाकट्या दिराने मिळून लोकांची बारीकसारीक कामं करून द्यायला सुरुवात केली. दळण आणणं, लॅबमधून रिपोर्ट आणणं, टेलरकडे ब्लाउज टाकणं, कुकरची रिंग, मिक्सर दुरुस्तीला नेणं, कुठे रांगेत उभं राहणं. आधी सगळं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालायचं. मग दिराने साइट बनवली. तुम्ही काम टाकायचं, आसपासचे मदतनीस आपापला भाव सांगतात, पटेल त्याला काम द्यायचं. पैसे आमच्याकडे येतात, २० टक्के ठेवून बाकीचे आम्ही मदतनिसाला देतो. नाव देत नाही, जाहिरात वाटेल.

नोंदलेले मदतनीस ३४, त्यातले रोज उठून खरंच काम करणारे १२-१३. दिवसाला २०-२५ कामं होतात. गेले आठ महिने आकडा तिथेच अडून बसलाय.

कुठे अडतंय ते सांगते.

नवीन माणूस येतो, दोन-तीन कामं करून घेतो, मुलगा आवडला की त्याचा नंबर घेतो आणि पुढची कामं परस्पर. आमची साइट म्हणजे वधूवर सूचक मंडळ झालंय. एकदा जमलं की दोन्हीकडचे ओळख दाखवत नाहीत.

दुसरं म्हणजे भाव. औषधं आणायचं साधं काम पडलं की चौघं भाव लावतात: ६०, ५०, ४५, ३०. तीसवाल्याला काम मिळतं आणि त्याला तेवढ्यात दुसरीकडे शंभरचं मिळालं की तो फोन उचलत नाही. आमच्याच बिल्डिंगमधले एक काका अर्धा तास चष्मा लावून ते भाव वाचत बसले होते. शेवटी काठी घेतली आणि स्वतःच मेडिकलवर गेले. मी जिन्यातच भेटले. काय बोलणार?

मध्यंतरी सिडको आणि नाशिक रोडला पण सुरू केलं. पत्रकं वाटली, 'पहिलं काम ९ रुपयांत' अशी ऑफर ठेवली. पंचवीस हजार गेले. नऊ रुपयांत काम करून घेणारे पुष्कळ आले, परत आले ते बोटावर मोजण्याइतके.

आणि एक दळणाची गोष्ट सांगते, म्हणजे रोजचा दिवस कसा असतो ते कळेल. एका काकूंनी पाच किलो गहू दिले. मुलगा गिरणीत गेला, नंबर लावला, दळून आणले, वेळेत पोचवले. साइटवर 'काम पूर्ण'. संध्याकाळी काकूंचा फोन: "बाजरीवर दळून आणलंय गं! पोळ्या बघ काळ्या झाल्यात, कडवट लागतायत." मुलगा म्हणतो, मला दळण आणायला सांगितलं, मी आणलं. गव्हावर गहू दळायचा असतो, आधी बाजरी उतरली असेल तर थांबायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काकूंना ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. पाच किलो पीठ आम्ही भरून दिलं.

दिराचं म्हणणं, अ‍ॅप बनवून घेतलं की सगळं सुटेल. एका कंपनीने साडेचार लाख सांगितलेत. माझं मन होत नाही. अ‍ॅप काढावं, का अजून दोन-तीन शहरांत जावं, का हाच पसारा आवरावा? या धंद्यातलं कोणी असेल तर स्पष्ट सांगा. 'मार्केटिंग करा' एवढंच सांगू नका, प्लीज.

सातपूरकर

ताई, आधी एक सांगा. परत परत येतात ते लोक कोण? काम कोण टाकतं आणि पैसे कोण देतं, हे वेगवेगळं लिहून काढलंय कधी?

दळणकांडण

@सातपूरकर, नव्हतं काढलं. काल रात्री वही घेऊन बसले. नियमित ४१ घरं आहेत. त्यातली २९ साठीच्या पुढच्यांची. आणि गंमत म्हणजे त्यातल्या १७ घरांचे पैसे यूपीआयने मुलगा किंवा मुलगी भरते. बहुतेक पुण्यात, बंगळुरात, दोघं-तिघं बाहेरदेशी, त्यांच्याकडून इथले भाऊ-बहीण भरतात. इतके दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

बर्फाळ गल्ली

मी बोस्टनजवळ राहतो, म्हणून हा किस्सा इथे ऐकून आहे. तुमच्यासारख्याच कामांची टास्करॅबिट ही साइट इथेच जन्माला आली. २००८ च्या फेब्रुवारीत आयबीएममध्ये इंजिनिअर असलेल्या लिआ बस्क यांच्या घरचं कुत्र्याचं खाणं संपलं, बाहेर बर्फ. त्यातून कल्पना सुचली. तेव्हा नाव 'रनमायएरंड' होतं, २०१० मध्ये बदललं. सुरुवात अख्ख्या बोस्टनला नव्हती, चार्ल्सटाउन नावाच्या एका भागातल्या मातांच्या गटापासून होती.

तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. त्यांच्याकडेही हीच बोलीची पद्धत होती: काम टाका, भाव येतील, निवडा. ती त्यांनी २०१४ मध्ये बंद केली. लोकांना भाव निवडत बसायचा कंटाळा आला होता, कामं पडून राहायची. त्याजागी प्रत्येकाचा ताशी दर आधीच ठरलेला, कामाचे प्रकार मोजके, माणूस चटकन मिळायचा. जुने मदतनीस तेव्हा बरेच चिडले होते. २०१७ मध्ये फर्निचरवाल्या आयकियाने ती कंपनी घेतली, आता फर्निचर जोडून द्यायचं काम तिथे मोठं आहे.

तुम्ही तर २०१४ च्या आधीच्या खोलीतच बसला आहात. भाव लावणं आजच बंद करा.

तुमच्या ९ रुपयांवरून आठवलं. घरसफाईची होमजॉय नावाची कंपनी होती सॅन फ्रान्सिस्कोची. पहिली सफाई १९ डॉलरला द्यायचे. स्वस्तात सफाई करून घेऊन लोक निघून जायचे, आवडली तर बाईशी परस्पर ठरवायचे. वर सफाई करणाऱ्यांनी 'आम्ही नोकर की स्वतंत्र' यावर खटले टाकले. २०१५ च्या जुलैत दुकान बंद.

कढीपत्ता

मी बंगळुरात. इथे डन्झो नावाची अशीच वस्तू आणून-पोचवून देणारी सेवा होती, 'डन्झो कर' हे क्रियापदच झालं होतं. चावी घरी विसरली, डन्झो कर. तेसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच सुरू झालं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने पैसे घातले, जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने २० कोटी डॉलर. पण चावी-डबा-चार्जरची कामं सोडून ते काही मिनिटांत किराणा पोचवायच्या शर्यतीत उतरले, गोदामं घेतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅप बंद पडलं. अ‍ॅप फार सुंदर होतं हो. साडेचार लाख देण्याआधी तेवढं आठवा.

दुचाकीवाला

मी ही कामं करतो. नाशिकात नाही, कोल्हापूरला. म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो, राग मानू नका.

पहिल्या कामाला २० टक्के घ्या, माझं काही म्हणणं नाही. गिऱ्हाईक तुम्ही आणून दिलं. दहाव्या कामाला कशाबद्दल? तोवर काकू मला नावाने हाक मारतात, चहा ठेवतात. मधे तुम्ही काय करता? मला लॅबमध्ये चाळीस मिनिटं थांबवलं तर त्याचे पैसे नाहीत. पोचल्यावर 'आता नको' म्हटलं तर पेट्रोल माझं. पैसे तुम्ही आठवड्याने देता (आमच्याकडचे तसंच करतात). असं असल्यावर मी नंबर का नाही देणार?

माणसं पळतात म्हणून कुंपण घालू नका. थांबायचे पैसे द्या, फुकट फेरी झाली तर अर्धे द्या, त्याच दिवशी रात्री पैसे टाका. मग बघा कोण जातं. आणि गाडीवरून पडलो तर काय, ते पण ठरवा. बँकेतून ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना मिळते, वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख. १३ पोरांचे २६० रुपये होतात. तेवढं तरी भरा. हात मोडला तर त्यातून काही मिळत नाही, ते वेगळं बघावं लागेल.

दळणकांडण

@दुचाकीवाला, राग कसला. दोनदा वाचलं. आम्हीही शनिवारीच पैसे देतो.

तुम्ही विचारलंत की मधे आम्ही काय करतो. प्रामाणिक उत्तर: काही बिनसलं की निस्तरतो. गेल्या दिवाळीत परस्पर ठरवलेल्या एका मुलाकडे आजींनी एटीएम कार्ड आणि पिन दोन्ही दिलं, पैसे काढून आण म्हणून. मुलगा सरळ, त्याने आणून दिले. पुढे आठवड्याने आजींना हिशेब लागेना, दोन हजार कमी वाटले. मुलावर आळ. काम आमच्याकडून गेलेलं नव्हतं तरी त्यांच्या लेकीचा पुण्याहून फोन मलाच आला. बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं, तर ते दोन हजार आजींनीच आधी काढले होते. त्या मुलाने नंतर काम सोडलं. हे कुठल्या भावात बसवायचं ते मला कळत नाही.

जुना खांब

तेच तर विकताय तुम्ही! लेकीने फोन तुम्हाला केला, मुलाला नाही.

दर कामाचे पैसे मागता म्हणून लोक दर कामाला विचार करतात की हे परस्पर केलं तर स्वस्त पडेल का. मुंबईचे डबेवाले बघा. १८९० पासून चाललंय. एका फेरीचे इतके असं कोणी विचारत नाही, महिन्याचे पैसे. माणसं मावळ, खेड, जुन्नरकडची, एकमेकांच्या ओळखीतली, त्यामुळे कोण कुठला ते माहीत. आणि टोळीत जादा माणूस असतोच. एखादा आजारी पडला तरी डबा पोचतो. परस्पर ठरवलेल्या मुलाचा ताप आला तर काकूंचं दळण राहतं. तुमच्याकडून गेलं तर बदली येतो. हा फरक महिन्याच्या पैशातच वसूल होतो.

थोडक्यात, रतीब लावा. दुधाचा, पेपरचा असतो तसा कामाचा रतीब. महिन्याला बारा कामं, ठरलेली रक्कम, घराला एक ठरलेला माणूस आणि एक बदली. पैसे मुलाकडून घ्या, पुण्यात बसलेल्या. त्याला दळण नकोच आहे, आईने फोनवर कुरकुर करू नये एवढंच हवंय.

गंगापूर रोड आणि कॉलेज रोड सोडून कुठे जाऊ नका. दोन कामं एका फेरीत झाली तरच मुलाला परवडतं. सिडकोतलं एक आणि पंचवटीतलं एक धरलं तर द्वारका चौकाच्या सिग्नललाच नफा संपतो.

हिशेबनीस

सीए आहे, दोन ओळी. पैसे तुमच्या खात्यावर येऊन मग मदतनिसाला जातात, म्हणजे जीएसटीच्या भाषेत तुम्ही ई-कॉमर्स ऑपरेटर (दुसऱ्यांची सेवा साइटवरून विकून देणारे) ठरू शकता. 'वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, नोंदणी लागत नाही' असं धरून चालू नका. आयकराचा ई-कॉमर्सवरचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ वरून ०.१ टक्का झालाय. मदतनिसाची वर्षाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार घेतलेलं असेल तर तोही कापावा लागत नाही. तेव्हा ते आधी घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, तीत अ‍ॅग्रिगेटरकडून (म्हणजे गिऱ्हाईक आणि काम करणारा यांची गाठ घालून देणाऱ्याकडून) कामगारांच्या निधीसाठी उलाढालीच्या १ ते २ टक्के घ्यायची तरतूद आहे. प्रत्यक्ष कागद घेऊन जवळच्या सीएकडे जा, धाग्यावर विसंबू नका.

रानमोगरा

आजीच्या गोष्टीवरून: एटीएम कार्ड, पिन, ओटीपी घ्यायचा नाही, हा नियम मदतनिसाच्या टी-शर्टवर छापा. खरंच.

आणि हयातीचे दाखले! नोव्हेंबरात केंद्राच्या पेन्शनरांची बँकेत झुंबड असते. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतं, पण सासऱ्यांना ते जमेना. शेजारच्या मुलीने येऊन करून दिलं तर त्यांनी तिला शंभर रुपये आणि पेढे दिले.

दळणकांडण

तीन आठवड्यांनी परत आले. मनापासून आभार, नावं घेत बसत नाही.

भाव लावणं बंद केलं. अ‍ॅप नाही. सिडको-नाशिक रोड सोडलं, दीर चार दिवस बोलत नव्हता. रात्री साडेनऊला त्या दिवसाचे पैसे जातात, थांबायचे वेगळे, फुकट फेरीचे अर्धे. सगळ्यांचा विमा भरला. कामाबरोबर आता दोन प्रश्न विचारतो. दळण असेल तर 'कशावर दळायचं?', ब्लाउज असेल तर 'मापाचा दिलाय का?'. हे प्रश्न मी आणि सासूबाईंनी बसून लिहिले, ४० प्रकारच्या कामांचे. सासूबाई फॉर्मात आहेत.

रतीबही लावला. महिन्याला बारा कामं, ६०० रुपये. १४ घरं झाली, त्यातल्या नऊ घरांचे पैसे मुलं भरतात. आता नवीनच अडचण. एका आजोबांची बारा कामं दहा तारखेलाच संपली. दुसऱ्या काकू म्हणतात, माझी तीनच झाली, उरलेली नऊ पुढच्या महिन्यात ओढा. तशी ओढली तर पुढच्या महिन्यात एकवीस कामं येतील आणि मुलं मेटाकुटीला येतील. काय करू?

जुना खांब

पेपर वाचला नाही म्हणून पेपरवाला पैसे परत देतो का? गावाला जायचं आधी सांगितलं तर खाडा. नाही सांगितलं तर महिना धरला. आजोबांना जादा कामाचे वेगळे लावा, पण दोन फुकट करून द्या. ते चार लोकांना सांगतील.

दळणकांडण

खाडा! कॅलेंडरवर दुधाचे खाडे मी रोज लिहिते आणि हे सुचलं नाही. दिराला सांगितलं, साइटवर तसं बटण टाक. तो विचारतोय, खाडा म्हणजे नेमकं काय.