पट्ट्याच्या वळणावर एज पेंट तडकतोय, उपाय हवा आहे (नाशिक)

हाताने शिवलेल्या ऑर्डरच्या चामडी स्लिंग बॅगांचा पट्टा रिंगेभोवती जिथे वळतो, नेमका तिथेच कडेचा रंग तडकून पापुद्र्यासारखा सुटतो. बाकी पूर्ण लांबीवर कड एकदम छान राहते.

पट्टा दुहेरी आहे: वर 1.8 मिमी गाईचं व्हेजटॅन (वनस्पतींच्या अर्काने कमावलेलं चामडं), खाली 1.2 मिमी क्रोम (क्रोमियम क्षाराने कमावलेल्या चामड्याचं) अस्तर. दोन्ही टेबलावर सपाट ठेवून सोल्यूशनने चिकटवतो, मग आरीने भोकं पाडून मेणाच्या पॉलिएस्टर दोऱ्याने सॅडल स्टिच (एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना सुया लावून हाताने घातलेली शिवण). कड 400 आणि 600 च्या पॉलिश पेपरने घासून पाण्यावर आधारित पेंटचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर हलकी घासणी. पेंटआधी कडेला मेण किंवा डिंक अजिबात लावत नाही, त्यामुळे पकड नसण्याचा प्रश्न वाटत नाही.

करून पाहिलेले उपाय: पेंटखाली प्रायमर, दोन हातांमध्ये रात्रभर वाळवण, गरम टूलने कड बसवणं. तडा उशिरा येतो, पण येतोच. पावसाळ्याआधीच्या कोरड्या हवेतही आला, म्हणून दमटपणाचा दोष धरत नाही. माझा संशय सपाट चिकटवण्यावर आहे; वळवताना बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला चुरगळतो.

क्रोमची कड घोटून चकाकत नाही, त्यामुळे पेंट सोडता येणार नाही. पट्ट्याची रुंदी आणि रिंग गिऱ्हाईकाने ठरवलेली आहे. मशीन नाही, रापीनेच (चामडं पातळ करायच्या सुरीने) तासतो.

तर वळणाच्या जागी अस्तर किती मिमीपर्यंत तासावं, की तेवढा भाग रिंगेवर वळवूनच चिकटवावा?