'पब्लिक' म्हणजे नेमके कोण?

शाईपेन: एका विकास आराखड्याच्या जाहीर सूचनेचं मराठी करते आहे. 'पब्लिक'कडून हरकती मागवायच्या आहेत. मी 'नागरिकांनी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'जनतेने' केलं. मग मी 'रहिवाशांनी' केलं. भाडेकरूंनाही वाटायला हवं ना, की आपल्याला विचारतायत. तेही खोडून आलं. तुम्ही काय लिहाल?

जुनी वही: 'रहिवासी' म्हटलं की रोज बाहेरून येऊन त्या रस्त्यावर हातगाडी लावणारा सुटला. रस्ता रुंद करताना पहिली गाडी त्याचीच हलवणार. 'नागरिक'च ठेवा.

पांथस्थ: नागरिक म्हणजे मुळात नगरातला. खेड्याचं काय? आमचे आजोबा 'समस्त पांढरी' म्हणत. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण, आणि त्यावरून तिथे नांदणारे सगळे. इतका आपला शब्द असताना उसने कशाला?

उंबरठा: सगळे? माझ्या आजीचं घर गावकुसाबाहेर होतं. शिवेचा तंटा पडला की साक्षीला आमचाच माणूस लागायचा, पण चावडीवर निर्णयाला बसताना तो नको. ठरलेलं आम्हाला दवंडीतून कळायचं. हा शब्द कृपा करून परत आणू नका.

पांथस्थ: हे मला सुचायला हवं होतं. मागे घेतो.

जुनी वही: ग्रामसभेपुरता तरी घोळ नाही. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं सांगूनच टाकलंय: पंचायत क्षेत्रातल्या मतदार यादीत नाव असलेले सगळे.

शाईपेन: घोळ आहे. माझ्या बहिणीचं नाव सासरच्या यादीत चढायला दोन वर्षं लागली. तोवर पाणी तीच भरत होती आणि नळाच्या ठरावावर हात दुसरे वर करत होते.

उंबरठा: 'लोकसहभाग' शब्दाचंही तेच झालंय. फलकावर 'लोकसहभागातून' दिसलं की समजायचं, वर्गणी आणि श्रमदान लोकांचं. ठरवण्यात सहभाग होता का, हे त्या शब्दातून कळतच नाही.

जुनी वही: १८७०मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायला किमान ५० प्रौढांच्या सह्यांचा मुखत्यारनामा लागे. 'सर्वजन' कोण, हे सह्यांवरून दाखवता यायचं. आज नळ 'सार्वजनिक' म्हटला की तो कोणाचाच नसतो.

पांथस्थ: लिंग-वचन बघा. जनता जमली, पब्लिक जमलं: दोन्हीकडे एकवचन, सगळ्यांचा मिळून एक गोळा. 'लोक जमले' म्हटलं की माणसं सुटी दिसतात. लोकशाही चालते, लोकसभा चालते, मग 'लोकांनी हरकती पाठवाव्यात' का नाही?

शाईपेन: 'लोकांनी' आवडलं. पण सरकारी कागदावर ते बोलीतलं वाटतं, असं म्हणतील.

जुनी वही: म्हणू देत. आणि 'पाठवाव्यात' नव्हे, 'पाठवाव्या'. तो 'त' अनावश्यक आहे.

पांथस्थ: अजिबात नाही. आमच्याकडे सगळे 'पाठवाव्यात'च म्हणतात, आणि छापतातही तसंच.