हॉट डॉगवर केचप, पास्ट्रामीवर मेयोनीज: कशावर नक्की काय लावायचं?

कोरडा_पाव:
२० जणांसाठी अमेरिकी पद्धतीचा बेत आहे. हॉट डॉग शिकागोचे, आणि सँडविचमध्ये बीएलटी (बेकन, लेट्यूस, टोमॅटो), रूबेन, पास्ट्रामी ऑन राय (मसाला लावून धुरावलेलं बीफ, राय धान्याच्या पावात) आणि क्युबन. यादी ठरली, पण सॉसवरून दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, केचप, मस्टर्ड, मेयोनीज अशा तीन बाटल्या टेबलावर ठेवा, ज्याला जे हवं ते तो घेईल. दुसऱ्या गटाच्या मते शिकागो डॉगवर केचप आणि पास्ट्रामीवर मेयोनीज म्हणजे घोर पाप.
मला एवढंच सांगा: या नियमांमागे चवीचं काही कारण आहे की नुसता हट्ट? पाव दहा मिनिटांत लिबलिबीत होतो तो कशामुळे? आणि प्रमाण काय धरायचं? "आवडीप्रमाणे" हे उत्तर कृपया नको.

तिखटमीठ:
हट्ट आहेच, पण हट्टाच्या पोटात कारणही आहे.
शिकागो डॉगवर काय काय असतं ते आधी मोजा. पिवळं मस्टर्ड, गोड हिरवी रेलिश (काकडीचं बारीक चिरलेलं लोणचं), बारीक चिरलेला पांढरा कांदा, टोमॅटोच्या फोडी, डिल पिकलची (शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याची) उभी फाक, दोन-तीन स्पोर्ट पेपर (व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या मिरच्या) आणि वरून चिमूटभर सेलरी सॉल्ट. आता यात केचपला काम काय उरलं? गोडवा रेलिशने आणलाय, टोमॅटो ताजा बसलाय, आंबटपणा तर मस्टर्ड, पिकल आणि मिरची तिघांकडे आहे. केचपच्या एका टेबलस्पूनमध्ये, म्हणजे १७ ग्रॅममध्ये, साधारण ४ ग्रॅम साखर असते. ती रेलिशच्या साखरेवर चढली की बीफ सॉसेजमधला लसूण, पॅप्रिका आणि धुराचा वास मागे पडतो.
रचनेकडेही लक्ष द्या, कारण सगळं वरून ओतलं की पहिल्याच घासाला निम्मं बशीत येतं. खसखस लावलेला बन वाफवून घ्यायचा, तोही जेमतेम दीड-दोन मिनिटं. जास्त वाफवला तर हाताला चिकटतो आणि खसखस गळते. सॉसेज उकळत्या पाण्यात टाकू नका. पाणी ७५ ते ८० अंशांवर, म्हणजे तळाशी बारीक बुडबुडे दिसतील पण खदखदणार नाही एवढंच तापलेलं, आणि त्यात ८-१० मिनिटं. खदखदलं की नैसर्गिक आवरण फाटतं, आतली चरबी आणि मीठ पाण्यात जातं, आणि दाताखाली आवरण तुटल्याचा तो 'टक्' आवाज गेला की गेला.
मग सॉसेज बनमध्ये, त्याच्यावर मस्टर्डची नागमोडी रेघ, दीड टीस्पून पुरे. त्यावर एक टेबलस्पून रेलिश, तेवढाच कांदा. टोमॅटोच्या अर्धचंद्र फोडी सॉसेज आणि बनच्या एका बाजूच्या फटीत, पिकलची फाक दुसऱ्या बाजूच्या फटीत. दोन्हीकडून आधार मिळतो, सॉसेज हलत नाही. मिरच्या वर, सेलरी सॉल्ट सगळ्यात शेवटी.
अमेरिकेतल्या नॅशनल हॉट डॉग अँड सॉसेज कौन्सिलने शिष्टाचाराची यादीच काढली आहे. तिच्यातही हाच क्रम: आधी ओले सॉस, मग रेलिश-कांद्यासारखे जाडसर, मग किसलेलं चीज, शेवटी कोरडे मसाले. आणि सॉस सॉसेजवर लावायचा, पावावर नाही. "वयाच्या १८ व्या वर्षानंतर केचप नको" हे कलमही तिथलंच.

केचपनिष्ठ:
ते कलम गमतीचं आहे, तुम्ही धर्मशास्त्रासारखं वाचताय.
तिखटमीठ यांचा मुद्दा शिकागो डॉगपुरता शंभर टक्के मान्य. पण तो शिकागो डॉगपुरताच आहे. तिथे रेलिश आहे म्हणून केचप जास्तीचं होतं. साधं, बिनआवरणाचं, कमी मसाल्याचं सॉसेज, तव्यावर थोडं करपेपर्यंत भाजलेलं, आणि वर फक्त मस्टर्ड असेल, तर त्यात गोडवा कुठेच नाही. तिथे एक टीस्पून केचप चव बिघडवत नाही, उलट करपलेल्या कडवटपणाला सावरून घेतं. अट एकच, रेलिश किंवा केचप, दोन्ही नाही.
२०१७ मध्ये केचपवाल्या हाइन्झ कंपनीने शिकागोत 'शिकागो डॉग सॉस' नावाची बाटली काढली होती. आत होतं केचपच. भांडण चवीचं किती आणि लेबलचं किती, ते यावरून ओळखा!

तिखटमीठ:
मान्य. पण म्हणूनच तीन बाटल्यांची कल्पना फसवी आहे. बाटली समोर असली की माणूस रेलिशवर केचप मारतोच.
आणि केचप नाकारणारं शिकागो एकटं नाही. डेट्रॉइटच्या कोनी डॉगवर बिनराजम्याची मांसाची चिली, पिवळं मस्टर्ड आणि चिरलेला कांदा, बस्स. न्यूयॉर्कच्या गाडीवर तपकिरी मस्टर्ड आणि सावरक्राउट (आंबवलेला कोबी), किंवा टोमॅटोच्या रसात शिजवलेला कांदा. त्या कांद्यात गोडवा आहेच, मग केचप कशाला? उलट मेक्सिकोच्या सोनोरा भागातल्या सोनोरन डॉगवर मेयोनीज बेधडक चालतं, कारण त्याला बेकन गुंडाळलेलं असतं, पिंटो बीन्स असतात, हालापेन्योचा सॉस असतो. तिखट आणि खारट इतकं झाल्यावर काहीतरी थंड, स्निग्ध लागतंच.

सुरीकाटा:
सँडविचकडे कोणी वळणार आहे का? मी वळतो.
पावाचं आधी. पाव भिजवतं ते पाणी. केचप आणि मस्टर्डमध्ये पाणीच जास्त. मेयोनीजमध्ये अमेरिकेच्या नियमानुसार वजनाच्या किमान ६५ टक्के तेल असावं लागतं, म्हणून ते पाव आणि टोमॅटो यांच्यामध्ये आडोसा बनतं. बीएलटीत मेयोनीज दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लावायचं ते यासाठी. मधोमध एक गोळा ठेवून फासलं की कडा उघड्या राहतात आणि टोमॅटोचं पाणी तिथून शिरतं. प्रत्येक स्लाइसला एक टेबलस्पून. पाव भाजलेला, आणि भाजल्यावर जाळीवर मिनिटभर उभा ठेवलेला. ताटलीत आडवा टाकला तर स्वतःच्याच वाफेने खालून मऊ पडतो. टोमॅटोला मीठ लावून दहा मिनिटं कागदावर ठेवा, पाणी सुटेल ते टिपून घ्या. बीएलटीत मस्टर्ड नको, केचप तर नकोच. टोमॅटो स्वतः आहे ना तिथे.
पास्ट्रामीवर मेयोनीज का नको? कारण पास्ट्रामी मुळातच चरबीचं मांस आहे. धने-मिरीचा जाड थर, धूर, मग वाफ. त्यावर मेयोनीज म्हणजे तुपावर तूप. तिथे चरबी कापणारं काहीतरी हवं, म्हणून तपकिरी, जाडसर दाण्यांचं मस्टर्ड. राय ब्रेडच्या एकाच स्लाइसला, दोन टीस्पून. बाजूला पिकल. संपलं. टर्कीचं सँडविच याच्या नेमकं उलटं, मांस कोरडं, म्हणून मेयोनीज शोभतं. सगळं भांडण या एका प्रश्नावर सुटतं: मांसात चरबी आहे की नाही?
रूबेन मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं. कॉर्न्ड बीफ (खारवलेलं बीफ), स्विस चीज, सावरक्राउट, राय ब्रेड आणि रशियन ड्रेसिंग. बरेच जण त्याऐवजी थाउजंड आयलंड ड्रेसिंग वापरतात. त्यात गोड रेलिश असते, सँडविच गुळचट होतं. रशियन घरी करा: अर्धा कप मेयोनीज, २ टेबलस्पून केचप, १ टेबलस्पून किसलेलं हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ), १ टेबलस्पून किसलेला कांदा, १ टीस्पून वूस्टरशायर सॉस, पाव टीस्पून पॅप्रिका. तासभर फ्रिजमध्ये मुरू द्या, नाहीतर कांदा वेगळा लागतो. (केचपनिष्ठांनी आनंद मानावा, केचप मागच्या दाराने आलंच.)
सावरक्राउट मुठीत घट्ट पिळा. पिळल्यावरही कोरड्या तव्यावर ३-४ मिनिटं परता. थंड आणि ओलं क्राउट आत गेलं की चीज वितळत नाही आणि पाव खालून भिजतो. रचना अशी: पाव, ड्रेसिंगचा पातळ हात, चीज, मांस, क्राउट, परत चीज, ड्रेसिंग, पाव. दोन्हीकडचं चीज वितळून पावाला चिकटतं आणि क्राउटचा ओलावा मध्येच अडकतो.
क्युबनमध्ये फक्त पिवळं मस्टर्ड, वरच्या पावाला. हॅम, भाजलेलं पोर्क, स्विस, डिल पिकल. फ्लोरिडातल्या टँपाच्या पद्धतीत सलामीही असते, मायामीत नसते, त्यावरचं भांडण वेगळं. मेयोनीज आत लावून दाबयंत्रात घातलं तर उष्णतेने ते फुटतं, तेल कडेने गळतं आणि पाव तेलकट होतो. बाहेरून लोणी लावा.

अर्धा_चमचा:
सुरीकाटा, एक दुरुस्ती. मेयोनीज म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब, सलग थर तेलाचा नाही. तासाभरात खायचं असेल तर आडोसा पुरतो. डब्यात तीन-चार तास ठेवायचं असेल तर पावाला आधी मऊ लोण्याचा पातळ थर द्या, मेयोनीज त्यावर. लोण्यात स्निग्धांशच सलग असतो, पाणी खरं अडतं ते तिथे.
आणि मस्टर्डचं कोणी बोललं नाही. तपकिरी मोहरीचा नाकात जाणारा झणका तयार होतो तो दाणे दळून पाण्यात भिजल्यावर, आणि तो उडून जाणारा असतो. गरम केला की गेला. म्हणून तपकिरी मस्टर्ड मांस वाफवून झाल्यावर, वाढताना लावा. पिवळ्याची गंमत झणक्यात नाहीच, आंबटपणात आणि हळदीच्या रंगात आहे, ते क्युबनमध्ये दाबून गरम केलं तरी टिकतं. घरी पूड कालवणार असाल तर गार पाणी घाला, १० ते १५ मिनिटं थांबा, व्हिनेगर नंतर. व्हिनेगर आधीच पडलं तर झणका उठतच नाही, नुसतं कडवट लागतं.

कोरडा_पाव:
फार उपयोगी. म्हणजे बाटल्या टेबलावर नाहीत, सॉस लावूनच द्यायचे, हे ठरलं. दोन अडचणी. स्पोर्ट पेपर मिळत नाहीत, हालापेन्योच्या चकत्या चालतील का? आणि रेलिश चक्क निऑन हिरवी लागते म्हणतात, ती नसेल तर?

तिखटमीठ:
निऑन रंग खाण्याच्या रंगाचा आहे, चवीचा नाही. साधी गोड रेलिश घ्या, फक्त चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या.
हालापेन्योच्या चकत्या जाड सालीच्या असतात, घासाबरोबर अख्ख्या ओढल्या जातात. त्यापेक्षा छोट्या हिरव्या मिरच्यांना सुईने दोन-तीन भोकं पाडा, एक कप व्हिनेगर, एक कप पाणी आणि दोन टीस्पून मीठ उकळून त्यावर ओता, गार झाल्यावर फ्रिजमध्ये २४ तास. भोकं पाडली नाहीत तर आत आंबट पोचत नाही, नुसती तिखट राहते.
२० डॉगना माल: मस्टर्ड १५० मिली, रेलिश ३०० मिली, मध्यम कांदे २, टोमॅटो ४ (प्रत्येकाच्या पाच चकत्या, मग त्या अर्ध्या), अख्खी डिल पिकल ५ उभी चौघडी करून, मिरच्या ४०. सेलरी सॉल्ट नसेल तर दोन भाग मीठ, एक भाग सेलरीचं बी दळून. कांदा आदल्या रात्री चिरून ठेवू नका, उग्र होतो.

सुरीकाटा:
आणि बन पाच-पाचच्या घाण्यात वाफवा. वीस एकदम वाफवून झाकून ठेवलेत, तर वरच्या सगळ्या मस्टर्डचर्चेला काही अर्थ नाही.