मदत हवी आहे: भिंतीवरच्या चित्राचे पोपडे सुटतायत

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी रस्त्याकडेच्या एका जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर चित्र काढलं, साधारण ३० फूट बाय ८ फूट. मालकाची लेखी परवानगी आहे, तो मुद्दा नको. विटांची भिंत, वर चुन्याचा गिलावा, रंग बाहेरचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन. आता खालचे दोन फूट फुगलेत. नख लावलं की साल निघते, मागे मिठासारखी पांढरी भुकटी. चित्रातल्या म्हातारीचे पाय गेलेच म्हणा.

खरवडून, प्रायमर मारून पुन्हा रंगवलं, चार महिने टिकलं. वर क्लिअर कोट दिला तर आणखी बिघडलं. ओल आत कोंडली असणार. जवळ पाइप नाही, ओल जमिनीतूनच चढते. भिंत फोडता येणार नाही.

सिलिकेट रंग (पोटॅशियम सिलिकेटच्या द्रावणात खनिज रंगद्रव्यं मिसळून केलेले, १८७८ मध्ये काइम या जर्मन संशोधकांनी पेटंट घेतलेले) चुन्याच्या गिलाव्याशी एकजीव होतात, ओल बाहेर जाऊ देतात, पण अ‍ॅक्रिलिकवर धरत नाहीत. मग फक्त खालचा पट्टा गिलाव्यापर्यंत खरवडून तिथे सिलिकेट लावला आणि वर जुनं अ‍ॅक्रिलिक तसंच ठेवलं, तर सांध्यापाशी पुन्हा सुटेल का? की तो पट्टा कोराच सोडावा? कोणी करून पाहिलंय?