खराब हवामानात रेडिओ गप्प झाला, तर एकट्या विद्यार्थी वैमानिकाने काय करावे?

पाचपाखाडीकर (प्रश्न)

मी ठाण्यात राहतो आणि घाटावरच्या एका संस्थेत विमानचालन शिकतो. गेल्या महिन्यात, वळवाचे ढग दुपारनंतर उभे राहू लागले असताना, एकट्याने करायच्या लांब उड्डाणात मी होतो. धावपट्टी साधारण ३० सागरी मैल मागे होती आणि उंची ४,५०० फूट होती. नकाशा पाहून मी पुढची वेळ लिहीत असतानाच हेडसेटमधला आवाज एकाएकी बंद झाला. टॉवरला दोनदा हाक दिली, पण उत्तर आले नाही. मग आवाजाचे बटण, स्क्वेल्च (नुसती खरखर दाबून टाकणारे बटण), वारंवारता, सर्किट ब्रेकर असे एकेक तपासत राहिलो. मान वर केली तेव्हा विमान डावीकडे कलले होते, दिशा जवळजवळ ४० अंशांनी बदलली होती, ३०० फूट उंची गेली होती, आणि मघाशी डोंगरापलीकडे वाटणाऱ्या ढगाची काळी कड बरीच जवळ आली होती.

ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा रेडिओ बिघाडाचा आकडा लावून मी मागे फिरलो आणि सुखरूप उतरलो. मी धावपट्टीच्या फेरीत, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरावीक चक्रात, शिरण्याआधीच टॉवरमधून हिरवा दिवा माझ्याकडे रोखलेला होता, याचे मला अजून नवल वाटते. उतरल्यावर तोच रेडिओ पहिल्या हाकेला बोलला आणि तपासणीत काहीही दोष सापडला नाही.

माझा मागे फिरण्याचा निर्णय योग्य होता का? परतीची वाटही ढगांनी बंद केली असती तर मी काय करायला हवे होते? आणि दोष सापडलाच नसेल, तर त्याच विमानात पुन्हा एकट्याने बसताना काय गृहीत धरावे? घरी मी यातले काहीही सांगितलेले नाही, म्हणून इथे विचारत आहे.

नेरूळचा निवृत्त नियंत्रक

तुमचा निर्णय योग्य होता. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या वैमानिकासाठी नियम सरळ आहे. ढगांबाहेर राहून उडता येत असेल तर तसेच उडत राहावे, जवळच्या सुयोग्य विमानतळावर उतरावे आणि उतरल्याची बातमी मिळेल त्या साधनाने नियंत्रकांना लवकरात लवकर कळवावी. यातल्या ‘सुयोग्य’ या शब्दाकडे लक्ष द्या. तुम्ही घाट उतरून मुंबईच्या बाजूला आला असतात, तर अंतराने जवळ असूनही ती जागा तुमच्यासाठी सुयोग्य नव्हती. सांताक्रूझ, जुहू आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेले नवी मुंबईचे विमानतळ अशा गर्दीच्या आकाशात न बोलणारे एक लहान विमान शिरले, तर त्याच्यासाठी अनेक मोठी विमाने बाजूला काढावी लागतात.

यंत्रांच्या आधारे ढगांतून उडणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी आधीची उंची आणि वेग ठरावीक काळ, म्हणजे रडार असलेल्या भागात ७ मिनिटे आणि नसलेल्या भागात २० मिनिटे, तसाच ठेवायचा असतो आणि त्यानंतर दाखल केलेल्या उड्डाण आराखड्याप्रमाणे पुढे जायचे असते. आम्ही त्या वैमानिकाशी बोलू शकत नसलो तरी तो पुढच्या क्षणी कुठे असेल हे आम्हाला सांगता यावे आणि इतर विमाने वेळेत हलवता यावीत, यासाठी हा नियम आहे. यंत्रांच्या आधारे उडण्याची परवानगी हाती नसलेल्या विद्यार्थ्याने मात्र त्याचा आधार घेऊन ढगात शिरू नये.

दिव्याबद्दलही थोडे लिहितो. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा दिवा दाखवला तर उतरण्यास मोकळीक आहे आणि हिरवा लुकलुकत असेल तर उतरण्यासाठी परत यावे, असा अर्थ होतो. स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट देऊन फेरीतच राहावे आणि लुकलुकणारा तांबडा म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नये. या दिव्याचा झोत अरुंद असतो, त्यामुळे धुरकट हवेत तो बाजूने जाणाऱ्या विमानाला दिसत नाही. दिवा दिसला की दिवसा पंख हलवून पोच द्यावी.

एक गोष्ट मात्र मला खटकली. दोन हाकांनंतर तुम्ही बोलणेच सोडून दिलेत. उत्तर येत नसले तरी आपले स्थान, उंची आणि पुढचा बेत सांगत राहावे. ऐकू येत नसताना बोलत आहे, हेही त्यातच सांगावे. आयुष्यभर मी टॉवरमध्ये बसलो आहे, म्हणून पोटतिडकीने सांगतो की समोरच्याला काहीच कळत नाही, असे वैमानिकाने कधीही परस्पर ठरवू नये.

घोडबंदर रोड, उड्डाण प्रशिक्षक

निर्णयाबद्दल मी सरांशी सहमत आहे, पण मला काळजी वाटते ती तुमची मान खाली होती त्या काळाची. रेडिओ गेल्याने विमान पडत नाही. लहान विमानाच्या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोंवर, म्हणजे इंजिनानेच फिरणाऱ्या छोट्या वीजजनित्रांवर चालते, त्यामुळे बॅटरी पूर्ण संपली तरी इंजिन चालूच राहते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हताच. पुढे पावसाळ्यात जुहूची जमीन वापरण्याजोगी राहत नसे, तेव्हा त्या सेवेचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. हवामान साथ देणार नसेल तर उतरण्याची जागा आधीच बदलून ठेवायची, हे त्या काळच्या लोकांना रेडिओशिवायही साधत होते.

ढगाची गोष्ट वेगळी आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांवर चाचणी झाली होती. बाहेरचे काही दिसेनासे झाल्यावर त्यांचा विमानावरचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद पुरली, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. तुम्ही बटणे तपासण्यात किती वेळ घालवलात, ते एकदा स्वतःशी मोजून पाहा.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच सवय लावते. रेडिओ गप्प झाला की आधी पंख सरळ करायचे, उंची पाहायची आणि ढग कुठे आहे ते पाहायचे. त्यानंतर एका वस्तूला हात लावायचा आणि पुन्हा बाहेर पाहायचे. प्रत्येक तपासणीनंतर नजर खिडकीबाहेर गेलीच पाहिजे.

परतीची वाट बंद झाली असती तर सखल आणि मोकळ्या मुलखाची तिसरी दिशा शोधायची होती. घाटात मात्र ढगाखाली राहण्यासाठी दरीत उतरत जाऊ नये, कारण दरी पुढे अरुंद होते आणि वळायला जागा उरत नाही. उजेड आणि इंधन शिल्लक असतानाच एखाद्या जवळच्या छोट्या धावपट्टीवर, तीही नसेल तर सपाट माळावर, इंजिन चालू असताना नीट पाहणी करून उतरणे हा अपमान नाही. चुकून ढगात गेलातच, तर कृत्रिम क्षितिजावर (विमान किती कलले ते दाखवणाऱ्या यंत्रावर) नजर ठेवून पंख सरळ करावेत आणि सेकंदाला ३ अंश या गतीने वळावे. एका मिनिटात तुम्ही आलेल्या दिशेला परत तोंड करता.

ऐरोलीची तंत्रज्ञ

मी विमानांचे रेडिओ दुरुस्त करते. तपासणीत दोष सापडला नाही, या वाक्यावर मी थांबते, कारण रेडिओ मुका होणे आणि बहिरा होणे हे दोन वेगळे बिघाड आहेत. हेडसेटला दोन प्लग असतात, जाड प्लग ऐकण्याचा आणि बारीक प्लग बोलण्याचा. जाड प्लग अर्धा बाहेर सरकला तर तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, पण तुमचे बोलणे बाहेर व्यवस्थित जाते. बटण दाबून बोलताना तुमचाच आवाज कानात येत होता का? येत असेल तर हेडसेट ठीक आहे आणि शोध पुढे घ्यावा लागेल. येत नसेल तर माझा पहिला संशय त्या प्लगवर आहे.

हवामानाचेही सांगते. विमानाचे व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) बोलणे जुन्या मध्यम लहरींच्या रेडिओसारखे एएम पद्धतीचे असते, म्हणून जवळच्या विजेची करकर त्यात शिरते. पावसातून जाताना विमानावर स्थिर विद्युतभार साचला तर सतत खरखर सुरू होते आणि ती पावसाबरोबर वाढते, ओसरते. या व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये डोंगर आला तर आवाज चिरफाळतो. उंची थोडी वाढवली की तो पुष्कळदा परत येतो. तुमच्याकडे मात्र खरखरही नव्हती, नुसती शांतता होती, म्हणून मी दोष ढगाला देत नाही. वीज तयार करणारा आल्टरनेटर बंद पडला असता तर विजेच्या कमी दाबाचा दिवा आधी लागला असता. त्या प्रसंगी नको असलेले दिवे आणि यंत्रे बंद करून बॅटरी ट्रान्सपॉन्डरसाठी आणि मोजक्या बोलण्यासाठी राखावी, कारण ऐकण्यापेक्षा बोलताना वीज कितीतरी जास्त लागते. फ्लॅप (कमी वेगात उतरता यावे म्हणून पंखांमागून खाली येणाऱ्या पट्ट्या) विजेवर चालत असतील तर ते उतरणार नाहीत, असे धरून लांब धावपट्टी निवडावी.

पाचपाखाडीकर

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मॅडम, तुमचा प्रश्न वाचल्यावर मी त्या दिवसाची उजळणी केली. आवाज जाण्याच्या जरा आधी नकाशा हातातून निसटून डाव्या पायाशी पडला होता आणि तो उचलायला मी वाकलो होतो. आमच्या विमानात प्लग पॅनेलच्या खाली, डाव्या गुडघ्याजवळ आहेत. स्वतःचा आवाज कानात आला नव्हता, कापसाचे बोळे घालून बोलल्यासारखे वाटले होते, हेही आता आठवते. उतरल्यावर पहिली हाक देण्याआधी मी सवयीने दोन्ही प्लग काढून पुन्हा बसवले होते आणि तपासणी करणाऱ्यांना ते सांगायचे राहून गेले.

काल संस्थेत जाऊन हे सगळे लेखी दिले आणि रात्री आईलाही सांगितले. टॉवरमध्ये त्या दिवसाची नोंदवही पाहायला मिळाली. माझ्या दोन्ही हाका तिच्यात वेळेसह लिहिलेल्या आहेत. त्यांच्याखाली टॉवरने मला दिलेली सहा उत्तरे आहेत, आणि सहाव्यानंतर दिवा तयार ठेवल्याची नोंद आहे.