मॉडेल म्हणजे बाहुली? सोनाली बेंद्रेवर हा शिक्का किती दिवस मारणार?

टिळकवाडीची मावशी

गेल्या रविवारी घरात वाद झाला, तो अजून डोक्यातून गेलेला नाही म्हणून इथे लिहिते. माझ्या भाचीला बेळगावच्या खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानाने नव्या साड्यांचे फोटो काढायला बोलावलंय. पोरगी कॉलेजात एकांकिका करते, पुढे सिनेमात जायचं म्हणते. तिचे काका म्हणाले, "फोटोच्या नादाला लागलीस तर बाहुली होशील. ती सोनाली बेंद्रे बघ. मॉडेल होती, दहा वर्षं हिरॉईन झाली, पण अभिनय कुठं केला?" पोरगी गप्प झाली, आणि मला तिचं गप्प होणं फार लागलं.

मी सोनालीच्याच वयाची. ती १ जानेवारी १९७५ची. वडील सरकारी नोकरीत, शाळेची काही वर्षं बंगळूरच्या केंद्रीय विद्यालयात. घरात सिनेमातलं कुणी नाही, नाटकातलं नाही. मराठी मध्यमवर्गीय घरातली उंच, सडपातळ मुलगी मॉडेलिंग करते, एका सिनेमासिकाच्या टॅलेंट सर्चमधून निवडली जाते आणि १९९४ साली 'आग'मध्ये गोविंदासमोर उभी राहते. तेव्हा तिला वीससुद्धा पूर्ण नव्हती. अभिनय शिकायला तिला कुणी दोन वर्षं दिली नाहीत. जे शिकली ते सेटवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, चुका करत शिकली.

मॉडेलला काही येत नाही हे मला मान्यच नाही. उजेड कुठून येतो, मान किती वळवली की सावली कुठं पडते, अंगावरचं कापड कसं वागवायचं, हे ती शिकून आलेली असते. तिला शिकायचं राहिलेलं असतं ते उलटंच. फोटोत चेहरा धरून ठेवायचा असतो, सिनेमात तो सोडून द्यायचा असतो. 'आग' आणि १९९८चा 'जख्म' पाठोपाठ बघा, चेहरा सोडायला ती किती शिकली ते दिसतं. 'जख्म'मध्ये दंगलीच्या भीतीने देश सोडून जायचं म्हणणारी बायको आहे. त्या भूमिकेत नटण्याला जागाच नाही.

'मॉडेल' हा शब्द आपण बाईला कमी लेखायला वापरतो. माझं म्हणणं एवढंच, की तो वापरायच्या आधी तिचं काम बघावं.

रंगपट शहापूर

ताई, तुमच्या भाचीबद्दल मला आस्था आहे. पण तुमच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि का ते नीट सांगतो.

तीस वर्षं हौशी नाटक करतोय. आपला भाग संगीत नाटकवाल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा, गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं. इथल्या माणसाला नट ओळखायला शिकवावं लागत नाही. नट म्हणजे आधी आवाज, मग शरीर, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. मॉडेलिंगमधून येणाऱ्यांचा क्रम बरोबर उलटा असतो, आणि बहुतेकींचा तो शेवटपर्यंत उलटाच राहतो.

'सरफरोश' घ्या. १९९९चा, उत्तम चित्रपट. त्यातून सोनालीची सीमा काढली तर कथेतलं काय पडतं? दोन गाणी. पोलीस अधिकारी तोच, गझल गायक तोच, शस्त्रांची तस्करी तीच. 'हम साथ साथ हैं'मध्ये ती डॉक्टर आहे, पण लक्षात राहतं तिचं लाजणं. स्मिता पाटील आधी दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, म्हणजे तीही रंगभूमीवरून आलेली नव्हती. पण 'भूमिका'मधून तिला काढून दाखवा बरं. चित्रपटच उरत नाही.

सोनाली सुंदर होती, सभ्य होती, मेहनती होती. म्हणून ती मोठी अभिनेत्री होती असं म्हणता येत नाही.

खानापूरची सून

रंगपट सर, सीमा काढली तर काही पडत नाही हा दोष सीमा लिहिणाऱ्याचा की करणारीचा? त्या दशकात हिरॉईनला कागदावर मिळायचं काय? चार गाणी, एक रडण्याचा प्रसंग आणि शेवटी दोरीने बांधलेलं असणं. पोळपाटावर एवढीशी कणीक ठेवायची आणि पोळी लहान झाली म्हणून लाटणारीला बोल लावायचा.

कडोलीकर

मी प्रीत्सेची गोष्ट सांगतो बघा. २००० साली आलेला कन्नड पिक्चर, हिंदी 'डर'चा रिमेक, बाईच्या मागं लागलेल्या वेड्याची गोष्ट. उपेंद्र तो वेडा, शिवराजकुमार आणि ही सोनाली. आम्ही चार दोस्त कडोलीहून बेळगावला येऊन बघून गेलतो. आमच्यात दोघांना कन्नड नीट येतंय, दोघांना भाजी बाजारापुरतं. शिट्ट्या सगळ्या उपेंद्रला. पण घाबरलेली बाई दाखवायचं काम तिच्याकडं होतं, आणि ते तिनं केलंय. तिचे डोळे बघूनच आम्हाला तो वेडा खरा वाटत होता. ती घाबरली नसती तर उपेंद्र नुसताच ओरडणारा माणूस झाला असता की.

आणि एक. आमच्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतंय, मी त्यात मांडव घालण्यापासून असतोय. भाषेबद्दल मला कुणी शिकवू नये. तरी सांगतो, त्या दिवशी ही मराठी पोरगी कन्नड पडद्यावर बघून मला बरं वाटलं. तिनं तमिळ केलं, तेलुगूत 'मुरारी' केला, चिरंजीवीबरोबर 'इंद्रा' केला. न येणाऱ्या भाषेत उभं राहायला धाडस लागतंय. आपल्या पोरांना पहिल्या दिवशी कन्नड शाळेत बसवलं की कसं होतंय ते आपल्याला माहीत आहे.

रंगपट शहापूर

कडोलीकर, धाडस मान्य. पण दक्षिणेत मुंबईच्या नायिकांना दुसऱ्याचा आवाज द्यायची पद्धत त्या काळी सर्रास होती. ज्या कामात अर्धा अभिनय दुसऱ्याच्या गळ्यातून येऊ शकतो, तिथं नायिका चेहऱ्यासाठीच घेतली जाते. हे मी तिला दोष म्हणून सांगत नाही. धंदा तसा होता. पण त्या धंद्याने तिला काय शिकवलं असेल, याचा विचार करा. ओठ हलवा, छान दिसा.

धारवाड पेठ

वाचत होतो, राहवलं नाही. आमच्या धारवाडात जन्मलेली लीना चंदावरकर कुणालाच कशी आठवली नाही? सैन्यातल्या अधिकाऱ्याची मुलगी. जाहिराती, नव्या चेहऱ्यांची स्पर्धा, मग सुनील दत्त यांनी 'मन का मीत'मध्ये घेतली. 'हमजोली', 'मेहबूब की मेहंदी', 'मनचली', पुढं दिलीपकुमारबरोबर 'बैराग'. संजीवकुमारसमोर 'मनचली'त ती विनोदाच्या जागा काय सुरेख घेते! पण आज कुणाला विचारा, "किशोरकुमारची बायको" एवढंच उत्तर येतं. जाहिरातीतून आलेल्या बाईचं काम लोक लवकर विसरतात, आणि नंतर म्हणतात की तिनं काम केलंच नव्हतं.

झीनत अमानही मॉडेलिंगमधून आलेली. १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'साठी तिला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. कारण भूमिका होती! घर तुटलेली, नशेत बुडालेली बहीण. सोनालीला पहिल्या पाच वर्षांत अशी एक तरी मिळाली का?

वडगाव हातमाग

अभिनयातलं मला कळत नाही. साडीतलं कळतं. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे.

साडीच्या फोटोला उभं राहणं सोपं आहे असं इथं सगळे धरून चाललेत, म्हणून लिहितो. सकाळी नऊला मुलगी येते. एका दिवसात वीस-पंचवीस साड्या नेसायच्या. प्रत्येक साडीच्या निऱ्या वेगळ्या बसतात. रेशीम पडतं तसं सूत पडत नाही, कडक सूत फुगतं. काठ दिसला पाहिजे, पदराची नक्षी दिसली पाहिजे, आणि मागं लावलेल्या पिना दिसता कामा नयेत. पंखा बंद असतो, नाहीतर पदर हलतो. बारा तास उभं राहून पंचविसाव्या साडीतसुद्धा ती अशी दिसली पाहिजे, की ही साडी आपल्या बहिणीला घ्यावी असं गिऱ्हाइकाला वाटेल.

मागल्या दिवाळीत एका मुलीनं आमच्या साडीचा पदर हातात घेतला आणि फोटो काढताना तिची बोटं काठावर अशी फिरली, की जणू आईची साडी आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांनी तो फोटो बघून विचारलं, "ही विणकराच्या घरची काय रे?" नव्हती ती. याला काय म्हणायचं ते तुम्ही नाटकवाल्यांनी सांगा.

रंगपट शहापूर

याला अभिनयच म्हणतात. इथं मी हरलो असं समजा, आनंदाने. हे मी आजवर या बाजूने पाहिलं नव्हतं.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. बोटांत ते असणं एक आणि अडीच तास एक माणूस उभा करणं दुसरं.

खानापूरची सून

मग मी आता मनातलं बोलते. २०१८च्या जुलैमध्ये सोनालीने स्वतः जाहीर केलं की तिला कॅन्सर झालाय आणि तो पसरलाय. न्यूयॉर्कला उपचार घेतले. केस कापले, मग डोकं पूर्ण उघडं, तसेच फोटो सगळ्यांसमोर ठेवले. त्याच वर्षी माझ्या सासूबाईंची केमो चालू होती. केस गेल्यापासून त्या दारात येत नव्हत्या. दूधवाला आला तरी डोक्यावरून पदर ओढून आत जायच्या. हळदीकुंकवाला जाणं बंद. मी त्यांना तो फोटो मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, "निरमा साबणाच्या जाहिरातीतली ना ही? किती लांब केस होते." दुसऱ्या दिवशी पदर खांद्यावर ठेवून अंगणात तुळशीला पाणी घातलं.

जिचं सगळं आयुष्य चेहऱ्यावर आणि केसांवर चाललं, तिनेच ते गेलेलं दाखवायचं, याला काय लागतं ते मी घरात बघितलंय. तिला मोठी म्हणायला मला आणखी कुठला पिक्चर नको.

कॅम्प बेळगाव

खानापूरच्या ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. पण मला दोन गोष्टी खटकतात, त्या स्पष्ट लिहितो.

धैर्याचे गुण अभिनयाच्या खात्यात जमा करू नका. तसं केलं तर तिच्या कामाकडे कुणी कधीच सरळ बघणार नाही. आणि न्यूयॉर्क. आपल्या भागातली माणसं मिरज, हुबळी, मुंबई अशा फेऱ्या मारतात, रात्रीच्या बसने, रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन. शेत गहाण पडतं. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हे सगळं केलंय. ती लढली हे खरं, पण आपल्या बायका तिच्यापेक्षा कमी लढतात असं कुणाला वाटू नये.

खानापूरची सून

कमी लढतात असं मी कुठं म्हटलं? आमचीही रात्रीचीच बस होती, दादा. पण आपल्या बायका लढताना लपून बसतात. तिनं लपू नये म्हणून दाखवलं, एवढंच.

टिळकवाडीची मावशी

कॅम्पच्या दादांचं पटलं. धैर्य आणि अभिनय वेगळे ठेवू. म्हणून अभिनयाचाच पुरावा देते.

अमोल पालेकरांचा 'अनाहत', २००३, मराठी. राजाला मूल होत नाही म्हणून राणीने एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडावा असं मंत्री ठरवतात. राजा अनंत नाग, राणी सोनाली, आणि दीप्ती नवल. रात्री राणी जाते ती मान खाली घालून, राज्याच्या कर्तव्यासाठी. पहाटे परत येते ती वेगळी बाई असते. आपल्या शरीराला काय हवं असतं हे तिला पहिल्यांदा कळलेलं असतं, आणि ती ते दरबाराला ऐकवते. तिथं हसू नाही, नाच नाही. समोर अनंत नागसारखा नट आहे. सर, या राणीला काढून दाखवा. स्मिताच्या बाबतीत तुम्ही जे म्हणालात तेच इथं होतं.

मराठी मुलीला तिची सगळ्यात पूर्ण भूमिका मराठीत मिळाली, आणि आपण मराठी माणसांनी तीच बघितली नाही. आमच्या घरात काकांसकट कुणीच नाही. म्हणून मला राग आलाय, आणि तो माझ्यावरही आहे.

रंगपट शहापूर

'अनाहत' मी पाहिलेला नाही. मुळात ते नाटक आहे, सुरेंद्र वर्मांचं, ते वाचलंय. त्या राणीचं पहाटेचं बोलणं कुठल्याही नटीचा कस काढतं. चित्रपट बघितल्याशिवाय पुढं बोलणार नाही.

तोवर एक गोष्ट मी आपणहून देतो. २०२२च्या 'द ब्रोकन न्यूज' या मालिकेत ती वृत्तवाहिनीची संपादक आहे, समोर जयदीप अहलावत. मुलीने लावली म्हणून बघितली. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा मला थांबून बोलताना दिसली. वाक्य संपल्यावरची शांतता तिला आता वापरता येते. हे आधी नव्हतं, आणि नव्हतं हे माझं मत कायम आहे. आजारपणाने आलं, वयाने आलं की भूमिकेने, ते मला ठरवता येत नाही.

ताई, भाचीला फोटो काढू द्या. वडगावकरांनी सांगितलेली ती बोटं तिच्याकडे असतील तर ती तिथंच तयार होतील. पण आवाज तिथं तयार होणार नाही. आमची तालीम शनिवारी संध्याकाळी सहाला असते. तिला पाठवा. माईक नाही. पहिलं वाक्य शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं पाहिजे.

टिळकवाडीची मावशी

पाठवते सर. शुक्रवारी फोटो आहेत, बावीस साड्या सांगितल्यात. शनिवारी पाय धरलेले असतील, तरी येईल म्हणते. काकांनाही बरोबर आणू का? शेवटच्या खुर्चीवर बसतील.